एसपीडीची खिडकी हिरवी, तरी इन्व्हर्टर जळाला: असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात वाळपईजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, घर आहे, छपरावर 5 किलोवॉटची सोलर आणि सिंगल फेज इन्व्हर्टर. पहिला इन्व्हर्टर मे महिन्यात गडगडाट सुरू असताना गेला, बदलून आणलेला दुसरा ऑक्टोबरात गेला. दोन्ही वेळा त्याच्यासोबत इंटरनेटचा राउटर गेला. फ्रिज, टीव्ही, दिवे सगळे शाबूत. अर्थिंगचे तीन वेगळे पिट आहेत, डीसी (पॅनलच्या) आणि एसी (खात्याच्या) दोन्ही बाजूंना एसपीडी, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारी सर्ज प्रोटेक्शन उपकरणं, आहेत आणि त्यांची स्थिती दाखवणाऱ्या खिडक्या आजही हिरव्या आहेत. विजेचा मीटर रस्त्याकडे, इन्व्हर्टरपासून साधारण 60 मीटरवर. भर दुपारी इन्व्हर्टर मधूनमधून आपोआप बंद पडायचा. बसवणारा म्हणतो, वीज खात्याचं व्होल्टेज वाढलं. लाइनमन म्हणतो, वीज पडली. आता छपरावर छत्रीसारखा मोठा लायटनिंग अरेस्टर (वीज झेलून जमिनीत उतरवणारा दांडा) घ्या, असा सल्ला मिळालाय. तिसरा इन्व्हर्टर लावण्याआधी काय करावं?

आधी त्या अरेस्टरचे पैसे थांबवा. त्यावर पुढे येतोच.

मी फोंडा, डिचोली, सत्तरी या भागात 26 वर्षं वायरिंगची कामं करतोय. सोलर आल्यापासून असे जळालेले इन्व्हर्टर पुष्कळ उघडून पाहिले. पहिली अडचण शब्दाची असते. ‘व्होल्टेज वाढलं’ हे एकच वाक्य तीन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं, आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. आकाशातल्या विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि हजारो व्होल्टचा. खांबावरची न्यूट्रल तुटली तर 230 च्या जागी 300, 350, फार वाईट परिस्थितीत 400 व्होल्टच्या आसपास घरात येतात, आणि ते मिनिटं-तासभरही राहतात. तिसरं म्हणजे दुपारच्या उन्हात तुमचाच इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलताना स्वतःच्या टोकाला व्होल्टेज चढवतो. एसपीडी फक्त पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यात तो स्वतः जळतो, तिसऱ्याशी त्याचा संबंधच नाही.

आता तुमच्या खुणा बघू. न्यूट्रल गेली असती तर घरातले एलईडी दिवे, फ्रिज, टीव्ही यांतलं काहीतरी नक्की गेलं असतं. एसपीडीमधली झिंक ऑक्साइडची चकती तापून आतला थर्मल डिस्कनेक्टर सुटला असता आणि खिडकी लाल झाली असती. तसं झालं नाही. गेला तो इन्व्हर्टर आणि त्याला केबलने जोडलेला राउटर. म्हणजे झटका अर्थिंगच्या वाटेने आला आणि दोन वेगळ्या जमिनींच्या मधे सापडलेली उपकरणं मेली. माझा अंगुलिनिर्देश तुमच्या तीन पिटांकडे आहे.

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण जवळपास प्रत्येक घरात हीच चूक भेटते. एक पिट अरेस्टरचा, एक डीसीचा, एक एसीचा अशी पद्धत आपल्याकडे रूढ झाली. पिट वेगळे असण्यात गैर काही नाही. गैर हे की ते एकमेकांना जोडलेले नसतात. ‘विजेचा करंट इन्व्हर्टरकडे येऊ नये म्हणून वेगळे ठेवलेत’ असं अभिमानाने सांगितलं जातं. हिशोब करा. डीसीच्या पिटचा रेझिस्टन्स 5 ओहम आहे, म्हणजे कागदावर उत्तम. जवळच्या माडावर वीज पडली आणि त्यातले 10,000 अँपिअर तुमच्या पॅनलच्या लोखंडी स्ट्रक्चरमधून त्या पिटात उतरले. 10,000 गुणिले 5 म्हणजे 50,000 व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरती डीसीची अर्थिंग 50,000 व्होल्टवर आणि आठ-दहा मीटरवरची एसीची अर्थिंग जवळजवळ शून्यावर. दोन्हींमध्ये हात देऊन उभा कोण? इन्व्हर्टर. त्याच्या डीसी टर्मिनलला एक जमीन, एसी टर्मिनलला दुसरी. एवढा फरक सोसेल असा इन्व्हर्टर कुणीही बनवत नाही.

बेतीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी होड्या बघा. एकमेकींना बांधलेल्या होड्या पाण्याबरोबर एकत्र वर येतात, त्यांच्यातली दोरी सैलच राहते. जी होडी आखूड दोरीने धक्क्याच्या खुंटाला बांधलीय, तिचीच दोरी तुटते. घरातली सगळी अर्थिंग एकत्र वर गेली आणि एकत्र खाली आली तर 50,000 व्होल्टनेही इन्व्हर्टरला इजा होत नाही. म्हणून तिन्ही पिट जमिनीखालून जाड पट्टीने एकमेकांना जोडा आणि घरात एकच मुख्य अर्थ-बार करा. इन्व्हर्टरची बॉडी, दोन्ही एसपीडी, पॅनलचं स्ट्रक्चर, घराची वायरिंग, सगळं त्या बारला. अर्थिंगच्या आयएस 3043 मध्ये आणि वीजसंरक्षणाच्या आयएस/आयईसी 62305 मध्ये मूळ विचार हाच आहे. बसवणारा ‘सोलरच्या स्पेसिफिकेशनमध्ये वेगळे पिट लिहिलेत’ म्हणाला तर त्याला सांगा, पिट वेगळेच ठेव, फक्त जोड.

सड्यावर अर्थिंगचा आकडा मिळवणं हे वेगळं दुखणं आहे. आपला जांभा पावसाळ्यात ओला असताना मोजला तर आकडा छान येतो. तोच पिट मे महिन्यात मोजा, कित्येक पटींनी चढलेला असतो. आणि विजा कधी कडाडतात? एप्रिल-मेमध्ये, नाहीतर पाऊस परततानाच्या ऑक्टोबरात. मीठ-कोळशाचा भरणा इकडे टिकत नाही. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मीठ धुऊन नेतो, आणि जाताना ते मीठ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपही खातं. चिऱ्यात पंधरा फूट खोल भोक पाडण्याऐवजी मी आडवी पट्टी पसंत करतो. घराच्या उतारावर, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) बाजूला, जिथे माती ओली आणि खोल असते, तिकडे अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणून वीस-पंचवीस मीटर पट्टी पुरायची. खाली खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बाजूला घर असलेल्यांचं उलट असतं: जमीन खारट, आकडा सुरेख, पण जीआय काही वर्षांत गळून जातं. तिथे तांब्याचा जाड मुलामा असलेले रॉड घ्यावेत.

आता खिडकी हिरवी का राहिली. हिरवा रंग एवढंच सांगतो की आतला डिस्कनेक्टर अजून सुटलेला नाही. एसपीडीची अर्थ वायर कुठे गेलीय, ती घट्ट आहे का, मुळात जोडलीय का, हे खिडकीला कळत नाही. फोंडा तालुक्यातल्या एका घरचा बॉक्स उघडला तेव्हाचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. एसपीडी झकास, नामांकित बनावटीचा. त्याच्या खालून निघालेली हिरवी वायर लांब पडली म्हणून बसवणाऱ्याने तिचं छान गोल वेटोळं करून केबल-टायने बांधलं होतं, चांगले सहा-सात फेरे. तिथून ती भिंतीवरून उतरून नऊ मीटरवरच्या पिटात. इन्व्हर्टरची बॉडी मात्र दुसऱ्याच पिटाला. काम दिसायला इतकं नीटनेटकं की घरमालकाला त्यात खोट आहे हे पटेना. वेटोळं म्हणजे कॉइल, आणि विजेच्या झटक्याला कॉइल म्हणजे बंद दार.

यातही आकडा आहे. सरळ वायरच्या प्रत्येक मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या करंटला होणारा अडथळा, असतो. एसपीडीच्या चाचणीत वापरतात तो 8/20 चा झटका, म्हणजे 8 मायक्रोसेकंदांत शिखर गाठणारा आणि विसाव्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर आलेला. असा 10 किलोअँपिअरचा झटका गेला तर वायरच्या दर मीटरमागे 1,250 व्होल्ट उभे राहतात. एसपीडीवर 1.5 किलोव्होल्टचं संरक्षण लिहिलंय आणि त्याच्या जोडवायरा मिळून 2 मीटर आहेत, तर इन्व्हर्टरला दिसतात 4 किलोव्होल्ट. इन्व्हर्टरची एसी बाजू ओव्हरव्होल्टेज कॅटेगरी तीनची असते आणि 230 व्होल्टच्या जोडणीला ती 4 किलोव्होल्टचाच झटका सोसावी अशी अपेक्षा आहे. दोन मीटर वायरने सगळी शिल्लक खाल्ली. म्हणून फेज-न्यूट्रलकडून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून अर्थ-बारपर्यंत, दोन्ही मिळून अर्धा मीटर, त्याहून जास्त नको. शक्य असेल तर फेजची वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलला लावून तिथूनच पुढे इन्व्हर्टरला न्यावी, म्हणजे फाट्याची लांबी उरतच नाही.

इथे नेहमी विचारतात: पिट नऊ मीटरवर आहे, मग अर्धा मीटर कसा साधणार? मोजायची ती पिटापर्यंतची वायर नव्हे. एसपीडीपासून त्या बारपर्यंतची, ज्या बारला इन्व्हर्टरची बॉडी जोडलीय. बार इन्व्हर्टरच्या शेजारी भिंतीवर घ्या. पिट मग नऊ मीटरवर असो की बारा. ही एक गोष्ट समजली की सगळी मांडणी आपोआप सुधारते.

डीसी बाजूचं थोडं. तुमच्याकडे 550 वॉटची नऊ पॅनल असणार, उघड्या टोकाला प्रत्येकी 50 व्होल्ट धरले तर 450. थंडीत हे वाढतं. पण गोव्यात पहाटेचा पारा क्वचितच 15 च्या खाली जातो, म्हणजे वाढ तीनेक टक्क्यांची. 600 व्होल्टचा डीसी एसपीडी पुरतो. तो आयईसी 61643-31 प्रमाणे तपासलेला, सोलरसाठीच बनवलेला हवा, आणि तीन मॉड्यूलच्या वाय जोडणीचा असावा. एसीचा एसपीडी डीसीत लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, प्लास्टिक वितळून डब्याच्या तळाशी साचलं होतं. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते म्हणून ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, ठिणगी धरली की जळतच राहते. पॅनल ते इन्व्हर्टर केबल दहा मीटरपेक्षा लांब असेल तर एसपीडी दोन्ही टोकांना लागतो. आणि प्लस-मायनसच्या वायरा एकमेकींना चिकटून न्या. एक छपराच्या या कडेने, दुसरी त्या कडेने नेली की मधे मोठा फेरा तयार होतो, आणि शेजारच्या वाड्यात पडलेली वीजही त्या फेऱ्यात व्होल्टेज उपजवते.

पॅनलच्या फ्रेमवर ॲनोडाइझिंगचा थर असतो, तो वीज नेत नाही. नुसता नटबोल्ट आवळून बाँडिंग होत नाही. दातेरी वॉशर किंवा अर्थिंग क्लिप थर फोडून आत शिरली पाहिजे. बाँडिंगची वायर तांब्याची, 6 स्क्वेअर एमएमपेक्षा बारीक नको. छपरावर अरेस्टर असेल आणि स्ट्रक्चर त्याला जोडलेलं असेल तर 16.

आणि आता तो छत्रीवाला अरेस्टर. एकच दांडा साठ-सत्तर मीटरच्या परिघाचं रक्षण करतो, असे दावे करून तो विकतात. आयएस/आयईसी 62305 मध्ये असल्या वाढीव परिघाला जागा नाही. ते प्रमाण दांड्याची प्रत्यक्ष उंचीच धरतं. शिवाय तुमचे इन्व्हर्टर घरावर थेट वीज पडून गेलेले नाहीत. तशी पडली असती तर छपरानेच सांगितलं असतं. घरावर दांडा उभा केला की विजेला घरावर येण्याची वाट आपण देतो. मग थेट पडलेल्या विजेचा लांब, 10/350 मायक्रोसेकंदांचा झटका पेलणारे टाइप 1 एसपीडी, 16 ची तांब्याची वायर, दांडा आणि पॅनल यांतलं अंतर, सगळंच वाढवावं लागतं. ते न करता दांडा लावणं हे न लावण्यापेक्षा वाईट. उंच सड्यावर एकटं घर असेल तर दांड्याचा विचार जरूर करावा, पण शेवटी, आणि हे सगळं धरून.

तुमची वीज ओव्हरहेड तारांवरून येते, म्हणून मीटरपाशी टाइप 1 आणि 2 एकत्र असलेला एसपीडी घ्या, प्रत्येक पोलला 12.5 किलोअँपिअरचा. इन्व्हर्टरपाशी नुसता टाइप 2, म्हणजे 8/20 च्या छोट्या झटक्याचा. सिंगल फेजला ‘1+1’ जोडणी मागा: फेज ते न्यूट्रल चकती, न्यूट्रल ते अर्थ स्पार्क गॅप. दोन्हीकडे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर एसपीडी तिच्या आधी, खात्याच्या बाजूला.

न्यूट्रलचं दुखणं तुम्हाला अजून झालेलं नाही, पण माडाचं चुडत तारेवर पडून न्यूट्रल तुटणं हे आपल्याकडे दर पावसाळ्याचं आहे. त्यासाठी मेन स्विचनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. इन्व्हर्टरचा आतला रिले उघडतो खरा, तरी रिलेच्या बाहेरच्या बाजूचे भाग ते व्होल्टेज सोसतच राहतात.

दुपारी बंद पडण्याचं कारण वेगळं आणि सोपं आहे. 60 मीटर केबल, जाऊन-येऊन 120. ती 4 स्क्वेअर एमएम तांब्याची असेल तर रेझिस्टन्स सुमारे 0.55 ओहम. 5 किलोवॉटला साधारण 22 अँपिअर. म्हणजे इन्व्हर्टरच्या टोकाला मीटरपेक्षा 12 व्होल्ट जास्त. मीटरवर दुपारी 243 असले तरी इन्व्हर्टर 255 बघतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांत 110 टक्क्यांवर, म्हणजे 230 धरले तर 253 वर, दोन सेकंदांत बाजूला व्हा असं सांगितलंय. इन्व्हर्टर नियम पाळून थांबतो, त्याचा दोष नाही. व्होल्टेज उतरून किमान एक मिनिट स्थिर राहिलं की परत चालू होतो, परत चढतं, परत बंद. केबल 10 स्क्वेअर एमएमची केली तर तेच 12 व्होल्ट पाचाच्या आत येतात. आधी दुपारी एक वाजता इन्व्हर्टरपाशी आणि विजेच्या मीटरपाशी दोन मल्टिमीटरांनी एकाच वेळी मोजा. फरक मोठा असेल तर केबल तुमची. मीटरवरच 250 च्या वर असेल तर वीज खात्याकडे लेखी अर्ज करा, वेळ आणि आकडे लिहून. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) आणि फेजचा समतोल हे त्यांचं काम आहे.

एक विनवणी. बसवणारा सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा 270-280 करून देईल, बरेच जण देतात, आणि तक्रार त्याच दिवशी मिटते. करू देऊ नका. ते 270 व्होल्ट तुमच्याच फ्रिजला, पंपाला मिळणार आहेत, आणि त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांनाही. लाइन बंद झाली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत थांबलंच पाहिजे, हा नियमही त्याच मेनूच्या आसपास असतो. त्यावर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव अवलंबून आहे.

सर्टिफिकेटांबद्दल एवढंच: इन्व्हर्टरला सुरक्षेचं आयएस 16221 भाग 2 आणि आयलँडिंगचं, म्हणजे लाइन गेली की थांबण्याचं, आयएस 16169 मागाच. पण ती कागदं माणूस सुरक्षित राहावा म्हणून आहेत. वीज कोसळली तरी इन्व्हर्टर वाचेल, असं त्यांत कुठे म्हटलेलं नाही. त्यातल्या आयएस 16221 भाग 2 मधला एक नियम तुम्हाला जुलैत भेटेल. रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर पॅनल आणि जमीन यांतलं इन्सुलेशन तपासतो. 600 व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते किमान 20 किलोओहम हवं. ओल्या सकाळी ‘आयएसओ फॉल्ट’ दाखवून तो नऊ-दहापर्यंत सुरू होत नसेल, तर रिसेट मारत बसू नका. छपरावर पॅनलच्या वायरा जोडणाऱ्या एखाद्या एमसी फोर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, किंवा माकडांनी वायर कुरतडलीय. ती शोधायला लायसन्सवाला माणूस बोलवा. डीसी आयसोलेटर बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनलकडच्या वायरा जिवंतच असतात.

मग तिसऱ्या इन्व्हर्टरआधी क्रम असा धरा: तिन्ही पिट जोडणं आणि इन्व्हर्टरशेजारी अर्थ-बार, एसपीडीच्या वायरा कापून आखूड करणं, मग केबल, मग मीटरपाशी एसपीडी. पहिल्या दोन कामांना पट्टी, चर आणि दोन दिवसांची मजुरी एवढाच खर्च आहे. राउटरची लॅन केबल इन्व्हर्टरपासून काढून टाका आणि वायफाय डोंगल लावा. दोनदा राउटर गेला तो त्या तांब्याच्या केबलमुळे. पिट जोडून झाले की अर्थ टेस्टरने एकदा लगेच मोजा आणि दुसऱ्यांदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, जमीन पुरती सुकल्यावर. दोन्ही आकडे तारखेसह एसी बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढे कुणीही दुरुस्तीला आला तरी त्याला तिथून सुरुवात करता येईल.